घरच्यांचे म्हणणे

३ जून

दादा,

तुझे पत्र मिळाले. सहा वर्षांतले पहिले, तेही संस्थेच्या छापील कागदावर. वर अध्यक्ष म्हणून तुझे नाव, खाली जावक क्रमांक. मजकूर आठ ओळींचा, त्यात शुद्धलेखनाच्या चुका तीन. 'आपली झालेली निवड आमच्या कुटुंबासाठी अभिमानाची बाब आहे' असे तू लिहितोस. या कुटुंबात मला पुन्हा कधी घेतले, त्याची तारीख कळवली असतीस तर मीही अभिमान बाळगला असता. शेवटी 'जुने विसरून नव्याने सुरुवात करू' असे आहे. विसरायचे कोणी, हे लिहायचे राहिले.

कामाचे कळवते. प्रशासनाने पाच महिला निवारागृहांची नियमावली नव्याने लिहिण्याचे काम माझ्याकडे सोपवले आहे. त्यांतले सर्वांत मोठे तुझे. म्हणजे ज्याचा तू गेल्या वर्षी अध्यक्ष झालास आणि जिथे आईच्या नावाने बारा खाटांची खोली बांधून दिलीस, ते. पाटी मी रस्त्यावरून पाहिली. संगमरवरी आहे, अक्षर सुबक आहे. आईला अकरा वर्षे कुशीवर वळवणाऱ्या हातांचा तिच्यावर उल्लेख नाही, आणि नाही तेच बरे. तेवढ्यासाठी महाविद्यालयातली नोकरी सोड, असे तूच म्हणाला होतास. 'मी आहे ना' हे तुझेच शब्द.

इतक्या जणांत मलाच का नेमले, हे तू चारचौघांना विचारत असशील, म्हणून मीच सांगते. त्यांना अशी व्यक्ती हवी होती जिला नियम नीट लिहिता येतात आणि जी त्या नियमांखाली कधीतरी चिरडली गेली आहे. पहिली पात्रता मी कमावली. दुसरी तू दिलीस.

तपासणी चौदा तारखेला सकाळी अकरा वाजता. गेल्या दहा वर्षांच्या प्रवेशनोंदवह्या टेबलावर असाव्यात. 'सापडत नाही' हे उत्तर तर्कशास्त्र शिकवताना मी विद्यार्थ्यांकडूनही कधी घेतले नाही.

— तुझी धाकटी


१५ जून

दादा,

काल तू तपासणीला आला नाहीस. 'साहेबांना ताप आहे' असे तुमच्या अधीक्षिकाबाई म्हणाल्या. तापाला वेळ साधता येते.

न्हाणीघराची दारे चार, त्यांतल्या तीन दारांना आतून कडी नाही. चाळीस बायका आणि कुलूप लागणारी कपाटे नऊ, म्हणून प्रत्येक बाई आपले कागद पोटाशी बांधून झोपते. फाटक संध्याकाळी सातला बंद होते. खानावळीत भांडी घासणाऱ्यांना आठला सोडतात. म्हणजे बाईने काम धरले तर खाट जाते आणि खाट धरली तर काम जाते. ही वेळ कोणी ठरवली, असे विचारल्यावर अधीक्षिकाबाई म्हणाल्या, "पहिल्यापासून आहे." पहिल्यापासून असलेल्या गोष्टींचे आपल्या घरातही कौतुक होते.

बायकांनी मला तासाभरात नाव ठेवले: दुरुस्तीबाई. भाजी निवडत बसलेली एक म्हातारी मला म्हणाली, "दुरुस्तीबाई, दारांचं झालं की आमच्या नशिबाचं पण बघा. त्याची कडी कधीच निघालीय." सगळ्या हसल्या. मी तिच्या सुरीची मूठ सैल असल्याचेही लिहून घेतले.

मग नियम नववा. तुला पाठ असेलच. नसेल तर उतरवून देते. खाट देण्यापूर्वी बाईच्या घरी फोन करायचा आणि पलीकडचा माणूस जे बोलेल ते नोंदवहीत 'घरच्यांचे म्हणणे' या रकान्यात लिहायचे. घरचे म्हणाले की घर आहे, तर बाई बेघर नाही. बेघर नाही, तर खाट नाही.

"अहो, निम्म्या रुसून आलेल्या असतात," अधीक्षिकाबाई म्हणाल्या. "घरं मोडायला बसलोय का आपण इथं?"

"आणि उरलेल्या निम्म्या?"

"त्यांना न्यायला पण येतातच की कुणी ना कुणी."

"तेच विचारतेय. कोण येतं?"

त्यांनी चहा मागवला.

तेवढ्यात एक शिंपीण दारात आली. मापाची फीत गळ्यातच राहिलेली, डावे मनगट ओढणीने गळ्याशी बांधलेले. ती आत आली नाही. उंबऱ्यावरूनच विचारले, "मी राहायला आले, तर तुम्ही घरी फोन करणार?"

"करावाच लागतो, बाई. नियम आहे."

"मग नको," ती म्हणाली आणि वळली.

मी तिच्या मागोमाग फाटकापर्यंत गेले. मी कोण ते तिला सांगितले. पाच जुलैला कार्यकारिणीची सभा आहे, त्या दिवशी हा नियम जाईल, त्यानंतर या, असेही सांगितले. तिने विचारले, "नक्की?" मी शब्दांच्या बाबतीत कशी आहे, ते तू जाणतोस. मी म्हणाले, "नक्की." तिने बोटांवर दिवस मोजले.

आता नोंदवही. सहा वर्षांपूर्वीची, क्रमांक अठ्ठ्याऐंशी. वय बावन्न, शिक्षण उच्च. घरच्यांचे म्हणणे (भाऊ): 'तिचं घर आहे. रागावून गेली आहे. दार उघडं आहे, पाठवून द्या.' शेरा: प्रवेश नाकारला.

मी ग्रंथालयात पुस्तके परत करायला गेले होते, दादा. आई जाऊन एकवीस दिवस झाले होते. परत आले तर किल्ली फिरेना, कारण कुलूप नवे होते. आणि तू फोनवर सांगितलेस की दार उघडे आहे. त्या दिवशी अधीक्षिकाबाई मला म्हणाल्या, "बघा, किती चांगला भाऊ आहे," आणि मी, तर्कशास्त्राची प्राध्यापिका, त्या वाक्याच्या भरवशावर परत आले. घंटा वाजवली. आतला टीव्हीचा आवाज कमी झाला. कोणी उठले नाही.

त्यानंतरचे त्रेपन्न दिवस मी रुग्णालयाच्या प्रसूतिविभागाबाहेरच्या बाकावर काढले. तिथे बसलेल्या बाईला कोणी उठवत नाही. आत आपले कोणीतरी आहे असे सगळे धरून चालतात. "तुमचं कोण?" असे विचारले की मी "बहीण" म्हणायची. एका कुटुंबाने मला पेढ्यांच्या जागी बिस्किटे दिली आणि मुलगी झाल्याचे सांगितले. मी त्यांचे अभिनंदन केले. पुढे माझी एक विद्यार्थिनी बाळंतपणाला तिथेच आली आणि तिने मला ओळखले, म्हणून मी आज हे लिहिते आहे. नाहीतर तुझे वाक्य पुरेसे होते.

दहा वर्षांत या रकान्यामुळे परत पाठवलेल्या बायका एकशे त्रेसष्ट. सगळी पाने मी हाताने उतरवून घेतली आहेत. माझे सर्वांत वर ठेवले आहे.

— क्रमांक ८८


२ जुलै

दादा,

तू स्वतः येणार नाहीस आणि वहिनीला पाठवशील, हा अंदाज होता. दिवस मात्र चुकला. मी रविवार धरला होता, ती शनिवारी आली.

"वन्सं, आत घेणार का इथंच उभी करणार?" दारात तिचा पहिला प्रश्न. मी बाजूला झाले. तिने खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाली, "छान लावलंयत. एकट्या माणसाला किती लागतं म्हणा."

"बसा. खुर्ची एकच आहे, मी उभी राहते."

"ह्यांची झोप उडालीय हो. सारखे त्या पानाचंच बोलतात. त्या वेळी फोनवर हे दुसरं काय म्हणाले असते, सांगा बरं. बहिणीला बाहेर काढलंय म्हणून? परक्या बाईला?"

"म्हणाले असते, तर मला खाट मिळाली असती."

ती पदराचे टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "वरची खोली रिकामी आहे. या राहायला. कधीही."

"किल्ली कुणाकडे असते?"

"तुमची जीभ म्हणजे ना," ती म्हणाली. "सासूबाई म्हणायच्या, हिला भूक लागली तरी चालेल, पण शेवटचा शब्द हिचाच हवा."

मग ती खऱ्या कामावर आली. कार्यकारिणीत सात जण. नववा नियम काढावा असे तिघांचे मत, राहावा असे तिघांचे. सातवा तू. मी क्रमांक अठ्ठ्याऐंशीचे पान सभेत वाचले नाही, तर तुझा हात वर होईल. वाचले, तर होणार नाही. वहिनीने हे सारे ताटात वाढून दाखवावे तसे मांडले. मला कौतुक वाटले. आपल्या घरात सरळ बोलणारी तीच एक आहे.

माझे उत्तर तिला दिले ते तिने तुला सांगितले असेल. लेखी असावे म्हणून पुन्हा देते. नाही.

पाच तारखेची सभा मी पुढे ढकलायला लावली आहे. आता ती वीस जुलैला, वार्षिक सर्वसाधारण सभेबरोबर होईल. पाचला सात माणसे असती. वीसला दोनशे असतील: देणगीदार, तुझे कचेरीतले जुने सहकारी, सकाळी तुझ्याबरोबर फिरायला येणारे निवृत्त न्यायाधीश. तू व्यासपीठावर असशील आणि मी ध्वनिक्षेपकाशी. एकशे त्रेसष्ट पानांतले एकच वाचीन. मग हात वर करायचा की नाही, ते दोनशे जणांसमोर ठरव.

पुढे ढकलण्याचे कारण मी प्रशासनाला 'परिशिष्ट अपूर्ण' असे दिले. परिशिष्ट तीस जूनलाच पूर्ण झाले होते, स्वल्पविरामासकट. आयुष्यात पहिल्यांदा मी पुरे झालेल्या कामाला अपुरे म्हटले, आणि मला त्याची लाज वाटत नाही. पंधरा दिवसांनी काय बिघडते? मी सहा वर्षे थांबले.

कोट इस्त्रीला दे. छायाचित्रे निघतील.

— धाकटी


९ जुलै

दादा,

तुझी अट मान्य. पान वाचणार नाही.

सभा वीसपर्यंत थांबवू नकोस. उद्या बोलव, उद्या जमत नसेल तर परवा. सात माणसे पुरेत. परिशिष्ट पूर्ण आहे. नववा नियम रद्द करण्याचा प्रस्ताव तू स्वतः मांडायचा आणि तो त्याच दिवसापासून लागू व्हायला हवा, त्याच तासापासून.

मसुदा सोबत जोडला आहे. अठरा पाने. वाचून सही कर.

मी नमले असे वहिनीला वाटेल. वाटू दे. कारण विचारू नकोस.


२६ जुलै

दादा,

आज सविस्तर लिहिते, कारण काल तू फोनवर ओरडलास आणि ओरडणाऱ्याला उत्तर देण्याची मला सवय नाही.

अकरा तारखेची सभा तुला आठवत असेल. तू प्रस्ताव मांडलास. 'स्त्रीचा शब्द हाच तिचा पुरावा' हे वाक्य मसुद्याच्या दुसऱ्या पानावरचे, माझे होते. तू ते आपले म्हणून म्हणालास आणि बरे म्हणालास. चार विरुद्ध तीन. अधीक्षिकाबाईंनी डोळे पुसले. तुझ्या मोठ्या मनाबद्दल आभाराचा ठराव झाला आणि त्याला अनुमोदन देण्यासाठी माझ्याकडे सगळ्यांनी पाहिले. मी अनुमोदन दिले. पान माझ्या मांडीवर उलटे ठेवले होते.

बाहेर आल्यावर तू म्हणालास, "झालं ना तुझ्या मनासारखं?"

मी विचारले, "शेवटचं पान वाचलंस?"

"तू लिहिलंयस म्हटल्यावर वाचायचं काय त्यात? स्वल्पविराम?"

शेवटच्या पानावर कलम सतरा होते. काल ते तुला कोणीतरी वाचून दाखवलेले दिसते. घरच्यांच्या म्हणण्यावरून ज्यांना परत पाठवले, त्या प्रत्येक बाईचा संस्थेने शोध घ्यावा. तिच्याबद्दल काय सांगितले गेले, कोणी सांगितले आणि तिला न विचारता संस्थेने ते खरे कसे मानले, हे अध्यक्षांनी स्वहस्ते लिहून तिच्या हाती पोहोचवावे. तिची खाट आता खुली आहे, हेही लिहावे. टंकलेखन चालणार नाही. 'तू मला फसवलंस' असे तू म्हणतोस. अठरा पाने, दोन दिवस आणि वर 'वाचून सही कर' अशी सूचना. याला फसवणूक म्हणत असतील, तर कुलपाला काय म्हणतात, ते मला शिकव.

क्रमांक अठ्ठ्याऐंशीचे तुझे पत्र पोहोचले. दुरुस्तीसाठी परत पाठवते आहे. 'गैरसमजातून चुकीची माहिती दिली गेली' असे तू लिहिले आहेस. माहिती आपोआप दिली जात नाही. 'मी खोटे बोललो' असे लिही. तीन शब्द आहेत, शाई वाचेल.

आता नऊ तारखेचे. मी तुझी अट का मानली हे तुला कळले नाही आणि मला ते सांगायचे नव्हते. सांगते, कारण एकशे चौसष्टावे नाव मी तुझ्या यादीत घातलेले नाही आणि ते का घातले नाही, असे तुझा कारकून विचारेल.

ती शिंपीण आठ जुलैला सकाळी निवारागृहात आली. पिशवीत दोन कपडे, फडक्यात गुंडाळलेली कात्री. अधीक्षिकाबाईंना म्हणाली, "दुरुस्तीबाईंनी सांगितलंय, पाच तारखेनंतर फोन नसतो." अधीक्षिकाबाई म्हणाल्या की सभा पुढे गेली, नियम आहे तो आहे. आणि तिच्यासमोरच त्यांनी फोन लावला. नवरा वीस मिनिटांत गाडी घेऊन आला. बायकोची पिशवी त्याने स्वतः उचलली. अधीक्षिकाबाईंनी मला नऊला सकाळी हे सांगितले आणि वर म्हणाल्या, "समजूतदार वाटला हो." घरच्यांचे म्हणणे (पती): 'घर आहे. तिचं मशीन तिची वाट बघतंय.'

त्याने तिच्या उजव्या हाताची तीन बोटे मोडली. मशीनच्याच फळीवर ठेवून.

नियमाप्रमाणे तिलाही तू लिहायला हवे. तिचे पत्र मी लिहिले. चार वेळा फाडले. चौथ्यात चूक एकही नव्हती, तरी फाडले. पाचवे घेऊन परवा तिच्या मावशीकडे गेले. दोन खोल्यांत सात माणसे, आणि ती कोपऱ्यात, हाताला प्लास्टर. दार मावशीने उघडले.

"तुम्हीच का त्या पाच तारखेच्या बाई?"

"हो."

"या. बघा."

पत्र तिला धरता येत नव्हते म्हणून मीच वाचून दाखवले. सभा मी पुढे ढकलली, काम पुरे झालेले असताना ढकलली, भावाला दोनशे माणसांत उघडा पाडायचा होता म्हणून ढकलली. हे सगळे त्यात होते. ती खिडकीकडे बघत ऐकत होती.

"मी तीन दिवस जास्तीचेच थांबले होते," ती म्हणाली. "म्हटलं, सरकारी काम आहे, एक-दोन दिवस मागंपुढं होतं."

मी पत्राची घडी घातली.

"भावाचा फार राग होता?"

"होता. आहे."

"मग वाचलं का ते पान शेवटी?"

"नाही."

"म्हणजे ते पण नाही झालं," ती म्हणाली. मावशी हसली, ती नाही हसली. बऱ्याच वेळाने तिने विचारले, "आता तिथं खरंच फोन करत नाहीत?"

"अकरा तारखेपासून नाही. दारांना कड्या लागल्यात. फाटक नऊला बंद होतं."

"सोमवारी येते मग. तुमच्यासाठी येत नाही, एवढं ध्यानात ठेवा. मावशीकडं जागा नाही म्हणून येते."

"ठेवते."

"माझं मशीन मात्र त्याच्याकडंच राहिलं. बोटं जुळली तरी करू काय?"

हे वाचून तुला बरे वाटेल. हिनेही तेच केले, असे तू वहिनीला म्हणशील. म्हण. माझा हिशेब मी तिच्यापाशी देईन आणि तो आयुष्यभर संपणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे तुझा एका ओळीनेही कमी होत नाही. एकशे बासष्ट पत्रे बाकी आहेत आणि माझ्या दुरुस्तीचे एक. अक्षर नीट काढ; त्यांतल्या कित्येकींना ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागेल.

सोमवारचे काम वेगळे आहे. तुझ्या शब्दाला चारचौघांत वजन आहे, ते आजवर एकदाच माझ्या बाबतीत वापरलेस. सोमवारी सकाळी नऊला त्या माणसाच्या घरी जायचे आणि मशीन आणायचे. पोलिसठाण्यातली एक बाई बरोबर असेल, ते मी ठरवले आहे. पण बोलायचे तू. तो गोड बोलेल, खुर्ची देईल, घरगुती गोष्ट आहे म्हणेल. तुला त्याची प्रत्येक ओळ आधीच पाठ असेल. म्हणूनच तुला पाठवते आहे.

मशीन पायाचे आहे, बिडाचे, आणि जिने तीन. हमाल लावायचा नाही. मध्ये दम लागला तर टेकवायला प्रत्येक मजल्यावर जागा आहे, मी पाहून आले.

मी खाली उभी असेन.

— धाकटी